इसब, स्टेरॉइडची धास्ती आणि नैसर्गिक उपाय: एकाच घरातल्या तीन पेशंटसाठी उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा ६ वर्षांचा, कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत इसब, खाजवून खाजवून कातडी जाड आणि काळपट झालीये, स्किनवाल्या डॉक्टरांनी दिलेली ट्यूब लावली की बरं वाटतं आणि सोडली की पुन्हा सुरू. तुमच्या स्वतःच्या हातांना भेगा आणि आग. आणि सासऱ्यांचा चेहरा नि मान दरवर्षी पाऊस सुरू झाला की लालभडक होऊन सुजते, पुण्याजवळ शेती आहे, थोडी शेवंतीही लावता. घरात तिघांना आहे म्हणजे आनुवंशिक असणार, डॉक्टर सारखं स्टेरॉइडच देतात, ते सगळं बंद करून नैसर्गिक उपायांनी मुळापासून घालवायचंय, असं तुमचं म्हणणं.

मी आयुर्वेदाची आहे, बीएएमएस, वीसेक वर्षं प्रॅक्टिस आणि त्यात निम्म्याहून जास्त पेशंट त्वचेचे. त्यामुळे तुम्हाला वाटत असेल की मी लगेच काढा आणि पथ्य लिहून देईन. तसं नाही करणार, कारण तुमच्या घरात एक आजार तिघांना नाहीये, तीन वेगळे आजार तिघांना आहेत (आणि तुमचं नि सासऱ्यांचं रक्ताचं नातंच नाही तर दोघांना आनुवंशिक एकच कसं असेल). इसब किंवा डर्माटायटिस म्हणजे नुसती त्वचेला आलेली सूज आणि खाज, ती कशाने आली ते शोधल्याशिवाय नैसर्गिक काय नि केमिकल काय, दोन्ही अंधारात दगड. न बघता पक्कं निदान कोणी करू नये आणि मीही करत नाहीये, पण तुम्ही लिहिलेल्या जागा आणि वेळा वाचून अंदाज बराच बांधता येतो.

त्याच्याही आधी एक गोष्ट. हे इसबच आहे ना ते कोणीतरी डोळ्यांनी बघून सांगितलेलं असू द्या. घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटते, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला बारीक पुळ्या आहेत असं असेल तर ती खरूज असते आणि तिला सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावावं लागतं. गोल, कडा वाढत जाणारा नि मधून साफ होणारा चट्टा असेल तर तो नायटा, आणि नायट्यावर स्टेरॉइडची ट्यूब घासली की दोन दिवस खाज थांबते आणि मग तो अंगभर पसरतो. आजकाल माझ्याकडे असे नायटे इतके येतात की विचारू नका, सगळ्यांच्या हातात मेडिकलवाल्याने सुचवलेली तीच ती तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब.

आता मुलाचं. लवणीतलं इसब, लहानपणापासून, कोरडी त्वचा, येतंय-जातंय, आणि घरात कुणाला दमा किंवा सकाळच्या शिंका असतील तर हे अ‍ॅटोपिक डर्माटायटिस. ह्यात आनुवंशिक भाग खरंच असतो. आपल्या त्वचेच्या वरच्या थरात फिलाग्रिन नावाचं एक प्रोटीन असतं, ते त्वचा घट्ट आणि ओलसर ठेवतं, २००६ साली असं सापडलं की बऱ्याच अ‍ॅटोपिक लोकांच्यात ह्याच्या जीनमधेच बिघाड असतो. सगळ्यांच्यात नसतो पण परिणाम तोच, त्वचा कौलं सरकलेल्या छपरासारखी होते, आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण, घाम, जंतू आत शिरतात. मग शरीर चिडतं, सूज येते, खाज येते, खाजवलं की त्वचा अजून फाटते, आणि त्या फाटलेल्या जागेवर स्टॅफ नावाचे जंतू मुक्काम ठोकतात. म्हणजे "रक्त खराब आहे, आतून साफ करा" ह्या विचाराने सुरुवात केली की पहिलं पाऊलच चुकतं. आधी छप्पर शाकारायचं.

मॉइश्चरायझर. हो, इतकं साधं. पण किती लावायचं हे कोणी सांगत नाही. इसब असलेल्या मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम असं प्रमाण इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमधे आहे. आठवड्याला! आपल्याकडे आई एक छोटी ट्यूब आणते आणि ती महिनाभर पुरवते, मग म्हणते मॉइश्चरायझरचा काही उपयोग नाही झाला. महागडं, वासाचं, डब्यावर फुलांची चित्रं असलेलं काही नको. साधी पेट्रोलियम जेली किंवा मेडिकलमधे मिळणारं पांढरं पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिनचं मिश्रण, स्वस्त आणि मस्त. उन्हाळ्यात चिकट वाटलं, घामोळं आलं तर पातळ बिनवासाचं क्रीम. एकच काळजी, ही पॅराफिनवाली मलमं कपड्यात, चादरीत मुरतात आणि असा कपडा आगीने पटकन पेट घेतो, त्यामुळे गॅसजवळ, देवाच्या दिव्याजवळ आणि दिवाळीत फटाक्यांजवळ पोराला त्या कपड्यांत नेऊ नका.

अंघोळ रोज घाला, पण कोमट पाण्याने आणि पाच-दहा मिनिटांत आटपा. कढत पाणी अंगावर घेताना खाजेला फार बरं वाटतं आणि अर्ध्या तासाने दुप्पट खाज सुटते, ही गोष्ट मोठ्यांनाही लागू. आपल्या त्वचेचा पीएच (आंबटपणाचं माप) साधारण ५ च्या आसपास आणि नेहमीच्या साबणाचा ९-१०, म्हणून अंगभर साबण फासू नका, काख, जांघ, पाय एवढ्यालाच सौम्य सिंडेट बार (दिसायला साबणासारखी पण साबण नसलेली वडी), बाकी नुसतं पाणी. टॉवेलने रगडायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. बाथरूममधेच डबा ठेवा, बाहेर येऊन शोधेपर्यंत ते राहून जातं.

तेलाचं लोक सगळ्यात जास्त विचारतात. खोबरेल चांगलं, आणि हे मी कोकणात आजोळ आहे म्हणून सांगत नाहीये. फिलिपिन्समधे इसब असलेल्या मुलांवर ८ आठवडे व्हर्जिन खोबरेल आणि मिनरल ऑइल असं तुलना करून बघितलं तेव्हा खोबरेल सरस निघालं. सूर्यफुलाचं तेलही त्वचेला मानवतं. पण ऑलिव्ह ऑइल, जे हल्ली बाळाच्या मालिशला भेट म्हणून बाटलीबंद येतं, त्याने त्वचेचा वरचा थर उलट ढिला होतो, हे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी २०१३ मधे दाखवलंय. मोहरीचं तेलही नको. आणि तेल हे ओल्या अंगावर, मॉइश्चरायझरच्या जोडीला, कोरड्या ठणठणीत कातडीवर नुसतं तेल चोळून काही फारसं होत नाही. डोक्यात कोंडा, भुवयांत नि नाकाच्या बाजूला पिवळसर खपल्या असा प्रकार असेल तर तो वेगळा, सेबोरिक डर्माटायटिस, तिथे तेल अजिबात नको कारण त्यातली मॅलॅसेझिया नावाची बुरशी तेलावरच जगते. कोंडा झालाय म्हणून चंपी करणारी घरं आपल्याकडे काही कमी नाहीत!

आमच्याकडचं मला मनापासून आवडणारं औषध म्हणजे शतधौत घृत. तांब्याच्या परातीत गायीचं तूप घ्यायचं, त्यात गार पाणी घालून तांब्याच्याच लोट्याच्या बुडाने गोल गोल घोटायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवीन पाणी, असं शंभर वेळा. पहिल्या दहा-पंधरा धुण्यात ते तूपच दिसतं, हाताला रवाळ लागतं, मग हळूहळू पिवळेपणा जातो, वास जातो आणि शेवटी लोण्याहून पांढरं, हलकं, क्रीमसारखं काहीतरी हाताशी येतं. आग होणाऱ्या, कोरड्या, न फुटलेल्या त्वचेवर छान थंडावा देतं. पण पाणी नीट निथळलं नाही तर बुरशी धरते, म्हणून थोडं करा, कोरड्या काचेच्या बाटलीत ठेवा, जरा वास बदलला की फेका. आणि हेही मॉइश्चरायझरच आहे, त्याहून जास्त त्याच्या नावावर खपवू नका. दुधाची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला हे लावायचं नाही.

ओट्सचा उपायही बरा. किराणा दुकानातले साधे बिनमसाल्याचे ओट्स मिक्सरमधे अगदी पिठासारखे करा, मलमलच्या फडक्यात बांधून कोमट पाण्यात पिळा, दुधाळ पाणी झालं की त्यात पाच-दहा मिनिटं बसवा, खाज शमते. आधी हातावर छोट्या जागेत दोन-तीन दिवस लावून बघा, आणि जिथे कातडी फुटलीये तिथे नको.

हे "फुटलेल्या कातडीवर नको" मी सारखं का म्हणतेय? जपानमधे गव्हाचं प्रोटीन घातलेला एक फेसाळ साबण फार खपला होता, तो चेहऱ्याला लावून लावून दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाचीच अ‍ॅलर्जी झाली, म्हणजे पोळी-ब्रेड खाल्ला की अंगावर गांधी आणि दम लागणं. खाण्याचा पदार्थ तोंडावाटे गेला तर शरीर त्याला ओळखीचा मानतं, फाटलेल्या त्वचेतून शिरला तर शत्रू मानतं. म्हणून इसबावर डाळीचं पीठ-दूध, शेंगदाण्याचं तेल, मुलतानी-दही असले लेप लावू नका. उटणं तर नकोच, दिवाळीला रगडून उटणं लावलं आणि पाडव्यापर्यंत पोरगं रक्त येईपर्यंत खाजवतंय, असे पेशंट दर दिवाळीनंतर ठरलेले.

कडुलिंबाचा पाला पाण्यात टाकून अंघोळ ही आपल्याकडची पहिली धाव. चार पानं टाकलेलं पाणी असेल तर बिघडत नाही, पण लोक हिरवागार काढा करून ओततात आणि त्वचा अजून सुकते. कडुलिंबाचं तेल लहान मुलाच्या पोटात मात्र कधीही द्यायचं नाही, फिट्स येऊन बेशुद्ध झालेल्या मुलांच्या केसेस नोंदलेल्या आहेत. कोरफडीचा गर लावायचा तर सालीखालचा पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, आग त्यानेच होते. अ‍ॅपल सायडर व्हिनेगरचं सध्या फॅड आहे, ते सौम्य करून त्यात हात बुडवून २०१९ मधे अमेरिकेत तपासलं, फायदा शून्य आणि बऱ्याच जणांना चुरचुर. इव्हनिंग प्रिमरोझ ह्या फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या कॅप्सूल, प्रोबायोटिकच्या पुड्या, बाथरूमला लावायचं वॉटर सॉफ्टनर, ह्या तिन्हीवर चांगल्या चाचण्या झाल्यात आणि इसबाला म्हणावा असा उपयोग दिसला नाही. पैसे वाचवा, ते मॉइश्चरायझरला लागतील. वज्रेश्वरीच्या कुंडांचं तुमच्या जाऊबाई सांगतायत ना, दर्शनाला जरूर जा, पण इसब भडकलेलं असताना पोराला त्या गरम पाण्यात बसवू नका.

आता ट्यूब. स्टेरॉइडचा धसका तुम्ही घेतलाय त्याचं कारण मला समजतं, कारण आपल्याकडे त्याचा इतका बेसुमार वापर झाला की सरकारने २०१८ मधे १४ स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमधे टाकली म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. गोरं होण्यासाठी चेहऱ्याला वर्षानुवर्षं लावून कातडी पातळ झालेल्या, केस उगवलेल्या, लाल शिरा दिसणाऱ्या मुली मी बघितल्यात. पण ते आणि तुमच्या डॉक्टरांनी मुलाच्या कोपराला मोजून दिलेलं सौम्य किंवा मध्यम ताकदीचं मलम, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट माझा अनुभव असा की घाबरून अर्धवट लावलं की इसब अर्धवट बरं होतं, आणि मग वर्षभरात एकूण स्टेरॉइड जास्तच पोटात, म्हणजे त्वचेत, जातं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून सरळ रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं, तेवढं दोन तळहात मावतील एवढ्या जागेला पुरतं. ह्या मापाने डॉक्टर सांगतील तितके दिवस, चट्टा हाताला गुळगुळीत लागेपर्यंत लावा, नुसता लालपणा गेला म्हणून थांबू नका. वारंवार त्याच जागी उठत असेल तर बरं झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस लावून पुढचं भडकणं रोखायची पद्धत आहे, नाहीतर टॅक्रोलिमस नावाचं स्टेरॉइड नसलेलं मलम आहे, २ वर्षांवरच्या मुलांना त्याचं कमी ताकदीचं चालतं, सुरुवातीला थोडं चुरचुरतं. डॉक्टरांना हे दोन्ही विचारा, त्यांना राग येत नाही.

आणि उलटी फसवणूकही ओळखा. "शंभर टक्के हर्बल, चार दिवसांत फरक" अशा बिनलेबलच्या डबीतलं मलम खरंच चार दिवसांत जादू करत असेल तर मला पहिली शंका येते की त्यात गुपचूप स्टेरॉइड घातलंय. लंडनला १९९९ मधे इसबासाठी वापरली जाणारी ११ चिनी हर्बल क्रीम तपासली तर ८ मधे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलं होतं, आणि ती लहान मुलांच्या चेहऱ्याला लावली जात होती. घटक, बॅच नंबर, लायसन नंबर, एक्सपायरी नसलेली डबी घरात आणू नका, देणारा कितीही ओळखीचा वैद्य असो.

पोटातून घ्यायच्या आयुर्वेदिक औषधांचं विचारलंत. चरकसंहितेत विचर्चिका म्हणून जो आजार सांगितलाय, खाज, काळपट पुटकुळ्या आणि भरपूर स्राव, तो आजच्या इसबाच्या फार जवळचा. खदिर, मंजिष्ठा, पंचतिक्त घृत, आरोग्यवर्धिनी ही आमची नेहमीची औषधं, मोठ्या माणसांच्यात मी वापरते आणि काहींच्यात खाज कमी झालेली दिसते. पण ह्यावरच्या चाचण्या लहान आणि विस्कळीत आहेत, त्यामुळे कोणी वैद्य छातीठोकपणे "कायमचं जाईल" म्हणाला तर तिथून उठा. पारा-गंधक असलेली रसौषधं ६ वर्षांच्या मुलाला इसबासाठी द्यायच्या मी पूर्ण विरोधात आहे. बॉस्टनमधे दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मधे शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, हे २००४ चं, तेव्हा आमच्यातले बरेच जण चिडले होते, मला विचाराल तर चिडण्यापेक्षा आपल्या फार्मसीला टेस्ट रिपोर्ट मागावा. वमन-विरेचन, म्हणजे औषधाने उलट्या-जुलाब करवणं, एवढ्या लहान मुलाला नाही. जळू लावणं हे मोठ्यांच्या एखाद्या हट्टी जाड चट्ट्यासाठी कधीमधी, निर्जंतुक जळू असतील तर, आणि डायबेटिस किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही नाही. होमिओपॅथीने इसब जातं असा पुरावा मला कुठे दिसलेला नाही.

पथ्यावरून घरात भांडणं होतायत असं लिहिलंत. सासूबाई दूध, अंडी, वांगं, आंबट, गूळ, शेंगदाणे सगळं बंद करा म्हणतात. विरुद्ध आहार म्हणून दूध-मासे एकत्र नाही दिले तर काही बिघडत नाही, पण वाढत्या मुलाचं दूधच बंद केलं तर बिघडतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी असं दर वेळी होतं का एवढं बघा. तसं असेल तर तो पदार्थ बंद आणि अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे. नसेल तर पोराला सुखाने जेवू द्या. आणि गालावर फिकट पांढरे डाग दिसले म्हणून जंताचं औषध, कॅल्शियमचं औषध देत बसू नका, ते बहुतेक वेळा ह्याच कोरड्या त्वचेचे असतात.

खाजेवर मात्र घरात खरंच खूप करता येतं. नखं दर दोन-तीन दिवसांनी कापायची. "खाजवू नको" असं ओरडून काही होत नाही, कारण हाताला करायला दुसरं काम लागतं. मुलाला शिकवा की खाज आली की तिथे तळवा घट्ट दाबून धरायचा किंवा मूठ आवळून मनात तीसपर्यंत आकडे म्हणायचे, मग वाटलंच तर गार ओल्या फडक्याने दाबायचं. स्वीडनमधे हा सवय मोडायचा प्रकार मलमाच्या जोडीला वापरून बघितला होता, नुसत्या मलमापेक्षा फायदा जास्त झाला. लोकरीचा स्वेटर थेट अंगावर नको, आत सुती. खेळून घामाघूम होऊन आला की लगेच अंग पुसून मॉइश्चरायझर. टेरिकॉटचा युनिफॉर्म असेल तर आत सुती बनियन, आणि कपड्यातला साबण जाईपर्यंत एकदा जास्त खळबळा.

रात्रीतून ताप येऊन इसबाच्या जागी एकसारखे, मधे खड्डा पडलेले, दुखणारे फोड उठले तर ते नागीणच्या जवळचं, हर्पीसचं इन्फेक्शन असतं, त्याला सकाळची वाट बघायची नसते, सरळ हॉस्पिटल. मधासारख्या पिवळ्या खपल्या आणि पाझर आला तर इन्फेक्शन, त्याच दिवशी डॉक्टर, लेप नाही.

तुमच्या हातांचं सोपं आहे आणि अवघडही. भांड्यांचा साबण, लिक्विड, फरशीचं केमिकल, दिवसातून पंचवीस वेळा ओले हात, ह्याने होणारी ही चिडलेली त्वचा, अ‍ॅलर्जी असेलच असं नाही. अंगठी काढून बघा, तिच्याखाली सगळ्यात जास्त खराब असेल कारण साबण तिथे अडकून राहतो. पण डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एवढ्यांचीच टोकं फुटली असतील आणि तुम्ही उजव्या हाताने सुरी धरत असाल, तर तो लसूण आहे. लसूण सोलताना, कापताना ज्या बोटांनी धरतो तीच बोटं. त्यातलं अ‍ॅलर्जी करणारं द्रव्य पातळ हातमोज्यांतून आरपार जातं, म्हणून तिथे ग्लोव्हज घालून भागत नाही, लसूण दुसऱ्या कुणीतरी सोलायचा (घरात तीन पुरुष आहेत असं तुम्हीच लिहिलंय). बाकी कामांना आत सुती मोजा, वर विनाइलचा किंवा नायट्राइलचा, कारण रबराचीही अ‍ॅलर्जी असते. हात धुतले की दर वेळी मलम, सिंकजवळच डबी. रात्री भरपूर जेली लावून सुती मोजे घालून झोपा, दोन आठवड्यांत भेगा भरायला लागतील. लिंबू चोळू नका, मेणबत्तीचं मेण ओतू नका, हे दोन्ही लोक करतात.

आता सासरे. मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटली आणि तुम्ही त्यांच्यावर दोनच ओळी लिहिल्यात. पुण्याजवळची शेती, पाऊस सुरू झाला की चेहरा, पापण्या, मान, कोपराची लवण, पुरुष, वय साठीच्या पुढे. हे गाजर गवत असण्याची शक्यता फार दाट आहे. काँग्रेस गवत म्हणतात ते. हे अमेरिकेकडचं तण, भारतात पहिल्यांदा लक्षात आलं तेच पुण्यात, १९५५-५६ च्या सुमाराला, आयात गव्हातून आलं असं मानतात, आणि सत्तरच्या दशकात ह्याच गवताने पुण्यात लोकांच्या अंगावर उठल्याचं जगभरच्या स्किनच्या डॉक्टरांनी वाचलं. त्यातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य अ‍ॅलर्जी करतं. हात लावायलाच पाहिजे असं नाही, वाळलेल्या पाना-फुलांचा बारीक भुगा वाऱ्याने उडून चेहऱ्यावर बसतो. उन्हाने होणारं इसब आणि हे गवताचं, ह्यांत लोक गल्लत करतात. फरक असा, ऊन जिथे पोचत नाही त्या जागा, वरच्या पापण्या, कानामागे, हनुवटीखाली, मानेच्या वळ्यांच्या आत, उन्हाच्या इसबात साफ राहतात, गवताच्या अ‍ॅलर्जीत तिथेच सगळ्यात जास्त. त्यांना उजेडात बसवून मानेची वळी ताणून बघा.

आणि तुमची शेवंती. गाजर गवत आणि शेवंती एकाच कुळातली, एकाची अ‍ॅलर्जी असेल तर दुसऱ्यालाही अंगावर उठू शकतं, झेंडू-सूर्यफूलही त्याच कुळातले. म्हणजे गवत उपटलं आणि दिवसभर शेवंती तोडली तर काय उपयोग. तोडणीचं काम त्यांच्याकडून काढून घ्या. गवत फुलावर यायच्या आधी, दुसऱ्या कुणीतरी, हातमोजे आणि लांब बाह्या घालून मुळासकट उपटायचं, पेटवायचं नाही. शेतातून आले की आधी अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे आणि बांधावरच्या झुडपावर वाळत घालायचे नाहीत. चेहरा खूप सुजला असेल तर थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या लागतात, काहींना अ‍ॅझाथायोप्रिन (शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) लागतं ज्यासाठी रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या करत राहाव्या लागतात, हे काम स्किनच्या डॉक्टरांचं, माझं नाही, आणि असल्या चेहऱ्यावर मी कुठलाही लेप लावत नाही.

त्यांच्या गुडघ्याला बिब्बा लावता असंही ओझरतं लिहिलंत. तो बंद, आजपासून. बिब्ब्याचं तेल त्वचा जाळतं, फोड आणतं आणि त्याची जबरदस्त अ‍ॅलर्जीही होते. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याची शाई वापरायचे, दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेला नि कमरेला त्या खुणांच्या जागी फोड उठले, १९४३ मधे त्याला धोबी मार्क डर्माटायटिस असं नावच पडलं. धुतलेल्या कपड्यावरच्या इवल्याशा खुणेने एवढं होतं आणि आपण तो गरम करून थेट गुडघ्यावर लावतो. काजूच्या टरफलाचं तेल आणि आंब्याचा चीक हे त्याचेच भाऊबंद, कोकणातल्या काजू कारखान्यात काम करणाऱ्यांना हात कसे होतात ते विचारा.

पॅच टेस्ट करून घ्या. मोठ्या मेडिकल कॉलेजच्या स्किन विभागात होते, भारतीय पेशंटसाठीच्या नेहमीच्या संचात गाजर गवत असतंच. पाठीवर छोट्या चकत्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि मग त्या दिवशी नि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात, तोपर्यंत पाठ भिजवायची नाही आणि घाम गाळायचा नाही, म्हणून भर उन्हाळ्यात किंवा पेरणीच्या धावपळीत नको, दिवाळीनंतरची वेळ धरा. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतील तर आधी सांगा, कारण त्याने टेस्ट दबते. जाताना त्यांचा दाढीचा साबण, केसांचा डाय, डोक्याला लावायचं तेल आणि रोजची चप्पल पिशवीत घालून न्या, तुम्हीही त्याच दिवशी हात दाखवून या, एका खेपेत दोन कामं होतील.